अंगठ्याएवढी टेकडी

व्हर्जिलचा आरसा पुरा होण्यात ओरेस्टचा फायदा काय होता, हे आधी बघितलेलं बरं. फारसा नव्हता. आमच्या हौशी दुर्बीणवाल्यांच्या मंडळात नव्या दुर्बिणीतून पहिली नजर ती बनवणाऱ्याची, दुसरी तिचा आरसा तपासणाऱ्याची, म्हणजे ओरेस्टची. एक नजर. शिवाय पास झालेल्या काचेच्या पाठीवर हिऱ्याच्या टोकानं कोरायचा एक बारीक गोल, ओरेस्टच्या नावाचं इंग्रजी पहिलं अक्षर. तो गोल दिसला की रॉचेस्टरमधला कुठलाही हौशी दुर्बीणवाला पुढे काही विचारत नसे. बस्स, एवढंच. उलट आरसा अपुरा राहण्यात मिळकत होती. तो अपुरा असेपर्यंत दर गुरुवारी दुपारी तळघराच्या जिन्यावर व्हर्जिलचे जड बूट वाजणार, कॉफीचे दोन कप लागणार, आणि कुणीतरी ओरेस्टला 'काय इन्स्पेक्टर साहेब' म्हणून चिडवणार. ओरेस्ट जिथे नोकरीला होता तो कॅमेऱ्याच्या कारखान्यातला तपासणी विभाग बंद पडला त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. बायको, डारिया, बफेलोला बहिणीकडे 'जरा राहून येते' म्हणून गेली होती आणि तिचं राहणं संपत नव्हतं. ती लाटायची त्या वारेनिकीच्या, उकडलेल्या करंज्यांच्या, कडासुद्धा ओरेस्ट उजेडात धरून बघायचा, तेव्हा तिचंही काही फार चुकलं असं म्हणता येत नाही. गुरुवार सोडला तर आठवडाभरात त्याच्या तोंडून निघणारं सगळ्यात लांब वाक्य म्हणजे दुकानातल्या मुलीला 'पिशवी नको, आहे माझ्याकडे'. म्हणजे आरसा झाला तर एक नजर आणि एक गोल. न झाला तर गुरुवार. हा हिशेब ओरेस्टनं कधी मांडलेला नव्हता. पण न मांडलेले हिशेबही आतल्या आत जुळत असतात, आणि पुढे त्याला भीती वाटली ती त्याचीच.

मार्चमधल्या एका सकाळी औषधाच्या दुकानाकडे जाताना सेंट पॉल स्ट्रीटवर बसनं कचकन ब्रेक मारला. ड्रायव्हर नवा पोरगा होता. व्हर्जिल असता तर पुढच्या बाईच्या हातातली कॉफी अशी हिंदकळली नसती, असं ओरेस्टच्या मनात आलं. व्हर्जिलनं जन्मभर याच शहराच्या बस चालवल्या, डोळ्याच्या डॉक्टरनं त्याचं चाक काढून घेईपर्यंत. ओरेस्टचा तोल गेला आणि हात खिडकीवर टेकला. काचेवर आतून प्रवाशांच्या श्वासांचा बर्फ धरला होता. हात काढला तर तिथे अंगठ्याएवढा खळगा, आणि खळग्यातून बाहेरचा रस्ता, काळपट बर्फाचे ढीग, बंद पडलेलं चपलांचं दुकान. त्याला एकदम आईचा अंगठा आठवला. हडसन अव्हेन्यूवरची ती भाड्याची खोली, निर्वासितांच्या छावणीतून आल्यानंतरचा पहिला हिवाळा, आणि खिडकीवर जाड बर्फ. आई त्यावर अंगठा दाबून धरायची, ओठ मिटून, जणू शिक्का मारतेय, आणि मग त्याला उचलून म्हणायची, बघ, बाबा येतात का. त्या भोकाला आईच्या बोटांच्या कांद्याचा वास यायचा. ओरेस्ट डोळा लावायचा, पापणी थंड पडायची, बाबा दिसायचे नाहीत, आणि भोक पुन्हा कडेकडून मिटत यायचं. बर्फावर अंगठा ठेवला की खड्डा पडतो, त्यानं विचार केला. काचेवर ठेवला की टेकडी उठते. आणि बस सुटली, पुढचा थांबा आला, लोक उतरले, तेव्हा हा विचार गेला नाही, तिथेच बसून राहिला. काचेला आपण अंगठा लावल्याला किती काळ झाला?

हे अंगठ्याचं आमच्यात लहान मुलालाही माहीत असतं. तळघरात आरसा एका टोकाला उभा करायचा, दहा फुटांवर तांबड्या लेसरचा ठिपका. त्याच्या उजेडाचे दोन वाटे करायचे. एक सगळ्या आरशाला न्हाऊ घालून परत येतो, दुसरा त्याला नुसता शिवून. दोघांची गाठ पडली की पडद्यावर काळ्या-तांबड्या पट्ट्या उमटतात. व्हर्जिलचा आरसा लांब नळीचा, लहान, ग्रहांसाठीचा. त्याला पट्ट्या सरळ आल्या की काम झालं. वाकल्या तर मध्ये टेकडी आहे किंवा खड्डा आहे. टेकडी असेल तर डांबराच्या चकतीवर गुलाबी पूड घालून मधला भाग घासायचा, उतरते. खड्डा असेल तर मात्र कठीण, कारण काचेवर काच चढवता येत नाही. खड्ड्याच्या तळापर्यंत बाकीची सगळी काच खाली आणावी लागते. आणि गंमत अशी की नुसत्या पट्ट्या बघून टेकडी कोणती आणि खड्डा कोणता ते कळत नाही. दोन्ही सारख्याच वाकतात, फक्त एक वर, एक खाली, आणि तुमच्या मांडणीत वर म्हणजे काय हे काच सांगत नाही. म्हणून काचेवर मधोमध अंगठा ठेवायचा, जरा थांबायचं, काढायचा. ऊब लागून तिथे केसाच्या हजाराव्या भागाएवढी टेकडी उठते, पट्टी जिकडे वाकेल तिकडे टेकडी, आणि काही वेळात ती निवते. ओरेस्टनं हे मंडळातल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. 'अंगठा लावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही,' असं तो दरडावायचा. स्वतःची मांडणी वर्षानुवर्षं हलली नव्हती, तेव्हा स्वतःचा अंगठा लावणं त्यानं कधीच सोडून दिलं होतं.

औषध न घेता तो पुढच्याच बसनं परतला. व्हर्जिलचा आरसा उभा केला, मधोमध अंगठा ठेवला. काच थंड होती. आपली नाडी काचेत ठकठकते असं त्याला वाटलं. अंगठा काढून तो पडद्याकडे वळला. पट्टी मध्येच फुगली होती, खाली. सबंध हिवाळा व्हर्जिलच्या पट्ट्या वर वाकत होत्या आणि ओरेस्ट, वर म्हणजे टेकडी या जुन्या सवयीनं, टेकडी म्हणत होता. त्यानं पुन्हा अंगठा ठेवला, पुन्हा काढला. खाली. मग त्याची नजर कॅमेऱ्यावर गेली. ऑक्टोबरात जुना कॅमेरा गेला तेव्हा हा नवा बसवला होता, आणि तार तोकडी पडत होती म्हणून उलटा बसवला होता, डोकं खाली. यात काही बिघडत नाही, गोल गोष्टीला कसलं आलंय वर आणि खाली, असं तेव्हा त्याच्या मनात आल्याचं आता स्पष्ट आठवलं. कॅमेरा व्हर्जिलनंच भेट आणला होता, हा पहिला विचार. आणि हा विचार पहिला यावा याची लाज, हा दुसरा. पण खरा डंख त्याहून खाली होता. आरशाच्या वरच्या कडेला खुणेसाठी तो निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावत असे. पडद्यावर तो तुकडा सबंध हिवाळा खालच्या कडेला दिसत होता. दर गुरुवारी. त्यानं तो पाहिला होता. तुकडा निळा होता, पडद्यावर काळा दिसायचा, एका कोपऱ्यात जरा सुटला होता, इतका नीट पाहिला होता. पाहणं आणि समजणं यांच्यात जी फट असते तिच्यात आपण एवढे महिने काय करत होतो? कॉफी पीत होतो. दुसऱ्याच खेपेला टेकडी उतरायच्या ऐवजी वाढली होती, तेव्हाच शिकाऊ पोरानंसुद्धा अंगठा लावला असता.

'वाढली?' व्हर्जिल तेव्हा म्हणाला होता. 'अरे, मी काय फावड्यानं माती टाकतोय तिच्यावर?'

'हात हलका पडतोय तुझा. मधे दाब.'

'जन्मभर ब्रेक दाबले साहेब, आता काच दाबतो. बायको म्हणते, मला कधी एवढ्या प्रेमानं—'

'व्हर्जिल. मधे दाब.'

आणि त्यानं दाबलं होतं. खड्ड्यात बसून खड्डा खणणाऱ्या माणसासारखं, आठवड्यामागून आठवडे, बोटांची पेरं सुजेपर्यंत. तपासणाऱ्याच्या शब्दावर आमच्यात कुणी वाद घालत नाही. त्यात व्हर्जिलला घाई होती. त्याचा उजवा डोळा मधोमध पुसला गेला होता; कुणीतरी ओला अंगठा फिरवावा तसा, तो म्हणायचा. माणसांचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डावा डोळा अजून धड होता, पण तो टिकवायला दर महिन्याला त्यात औषधाची सुई घ्यावी लागे. 'बाकी सगळं धूसर, पण सुई येताना काय स्पष्ट दिसते म्हणून सांगू!' या विनोदावर तो स्वतःच इतका हसे की कप खाली ठेवावा लागे. सुईला तो लहान मुलासारखा भ्यायचा. जायचा तो शनीसाठी. फ्लोरिडात, सेलरीच्या शेतांमधल्या गावात, तो शाळेत असताना कुणी एक माणूस ट्रकवर दुर्बीण घेऊन आला होता. शनीचं कडं दाखवत होता. रांगेत पुढे कुणी आणि मागे कुणी हे त्या गावात जन्मतःच, कातडीच्या रंगावरून, ठरलेलं असे. व्हर्जिलचा नंबर यायच्या आत शनी झाडांमागे गेला. पुढे कधी पाहिला का नाहीस, असं ओरेस्टनं विचारलं होतं. तर म्हणाला, 'दुसऱ्याच्या दुर्बिणीतून? पुन्हा रांगेत उभा राहू?'

गुरुवारपर्यंत ओरेस्टनं वाक्य तयार केलं. माझी चूक झाली. खड्डा आहे. पुन्हा सगळी काच खाली आणायची, या उन्हाळ्यात होणार नाही, पुढच्या. वाक्य त्यानं उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं, त्यात दोष नव्हता. जिन्यावर बूट वाजले. व्हर्जिल कठड्याला धरून, पाय चाचपत उतरला, आणि खुर्चीत बसताबसता म्हणाला, 'डॉक्टर म्हणतो डावा टिकेल. सुया घेत राहिलो तर बरीच वर्षं टिकेल.'

'मग चांगलंय की.'

'त्याला काय जातंय म्हणायला. सुई त्याच्या हातात असते, माझ्या डोळ्यात. एक सांगू साहेब? या उन्हाळ्यात शनी दिसला ना, तर मी त्या सुईला पुढची दहा वर्षं सलाम ठोकीन. नाही दिसला तर...' त्यानं हात झटकला. 'काय म्हणते टेकडी? उतरली का बाई?'

आता. कारखान्यातली अंधारी खोली ओरेस्टभोवती उभी राहिली, तो हिरवट दिवा, काचेवर काच दाबली की उमटणारी वर्तुळं, आणि त्याचा आवाज: परत, परत, पास, परत. त्याच्या हातून पास झालेला एकही नग कधी परत आला नव्हता; निवृत्तीच्या समारंभात हेच सांगितलं गेलं, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. आता सांगायचं की मी कॅमेरा उलटा लावला. आणि मग व्हर्जिल विचारणार, तो मूर्ख नव्हता, की मग दुसऱ्या खेपेला कसं कळलं नाही? निळा तुकडा दिसला नाही? आणि मग जिन्यावरून त्याच्याकडे बघत म्हणणार, तुला गुरुवार हवे होते का रे? हे तो म्हणाला नसता. पण ओरेस्टच्या कानात तो ते म्हणत होता, स्पष्ट, बसमध्ये थांब्याचं नाव घ्यावं तसा. नव्हते हवे मला गुरुवार, ओरेस्ट मनात ओरडला, हे घे, संपवतो गुरुवार. त्याच्या डोळ्याला फरक कळणार नाही. अंधुक डोळ्याला अंधुक आरसा. ही दयाच आहे.

'उतरली,' तो म्हणाला. 'झालाय तुझा आरसा.'

व्हर्जिलनं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाला, 'कोर तुझा तो भोपळा. माझ्यासमोर कोर.' ओरेस्टनं कोरला. हात अजिबात थरथरला नाही, याचं त्याला नंतर पुष्कळ दिवस नवल वाटत राहिलं.

आरशाला चांदीसारखा मुलामा चढून आला आणि जूनमधल्या एका शनिवारी, शहराच्या दक्षिणेला टेकड्यांत आमचं जे कुरण आहे तिथे मंडळ जमलं. पांढरी सॉसेजं, बटाट्याचं सॅलड, बिअरचे डबे, डास. व्हर्जिलनं नळीला बसचा निळा रंग दिला होता आणि बाजूला पांढऱ्या अक्षरांत 'शनी, मार्गे लेक अव्हेन्यू' असं लिहिलं होतं. सूर्य गेला, आभाळ जांभळं झालं, दक्षिणेला शनी वर आला. आता आमची एक रीत आहे. पहिल्या संध्याकाळी आरशात कितीही खोट असो, ती काढायची नाही. बाळंतिणीसमोर बाळाला कुणी काळं म्हणत नाही तसंच. दोष द्यायचाच तर हवेला द्यायचा. यात कुणाचं नुकसान होत नाही, दुसऱ्या दिवशी सगळे खरं बोलतातच. पण व्हर्जिल दुसऱ्या दिवसासाठी थांबला नाही, आणि काचेवर ओरेस्टचा गोल असल्यानं मागाहून कुणी विषय काढला नाही.

तो डावा डोळा लावून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. बोटांनी फोकसची खुंटी आत फिरवली, बाहेर फिरवली, पुन्हा आत. 'लोकर दिसतेय,' तो हळूच म्हणाला. 'पिवळ्या लोकरीचा गुंडा.' त्याची बायको, ओडेसा, त्याच्या मागे त्याचा कोट धरून उभी होती. ती म्हणाली, 'नीट बघ, घाई काय आहे, रांगेत कोणी नाही.' मग रीतीप्रमाणे ओरेस्ट वाकला. पिवळा फराटा, दोन बाजूंना दोन कान. जन्मात पाहिलेला सगळ्यात वाईट शनी.

'काय साहेब?' व्हर्जिलनं विचारलं. 'दिसतंय?'

'दिसतंय.'

'कडं?'

'कडं.'

'आणि ती फट? कड्यातली ती काळी बारीक फट म्हणतात ती?'

हो किंवा नाही, दोन्हींची किंमत ओरेस्टला आता एकच वाटत होती. 'फटही,' तो म्हणाला. त्याच्यामागे मार्गोट, निवृत्त शाळामास्तरीण, वाकली आणि म्हणाली, 'अय्या, गोड! हवा मेली आज फार हलतेय, पण काय गोड आहे!' तिच्यामागच्यानंही वा म्हटलं, त्याच्यामागच्यानंही. व्हर्जिलचे कान चांगले होते. माणसं आंधळ्याशी बोलताना आवाजात जो लोण्याचा हात फिरवतात तो त्याला सगळ्यांच्या आवाजात ऐकू आला असणार. तो तिथेच नळीवर हात ठेवून उभा राहिला. 'म्हणजे डोळाच गेलाय,' तो म्हणाला. मग मोठ्यानं, बसमधल्या आवाजात, 'चला मंडळी, शेवटचा थांबा! सगळ्यांनी उतरून घ्या!' सगळे हसले. ओरेस्टही हसला, हसताना त्याच्या जबड्यात काहीतरी खट्‌कन वाजलं ते ऐकून तो घाबरला.

ऑक्टोबरात ओडेसा आली. एकटी, गाडी स्वतः चालवत, काखेत टॉवेलात गुंडाळलेला आरसा. तळघरात उतरली नाही, स्वयंपाकघरातच उभी राहिली, कोट न काढता. 'घ्या ओरेस्टभाऊ. म्हणतो, त्याला दे, त्याला तरी डोळे आहेत.'

'बसा ना. कॉफी—'

'कॉफी राहू द्या. सुया बंद केल्यात त्यानं. जुलैपासून. दवाखान्यातून फोन येतात, मी उचलते, तो हात हलवून नाही म्हणतो. मी रडले, भांडले, पाद्रीबाबांना आणून बसवलं. तर म्हणतो, ज्या डोळ्याला ओरेस्टला दिसलेली फट दिसत नाही, त्याच्यात सुई कशाला खुपसून घेऊ, तो गेलेलाच आहे.' तिनं आरसा टेबलावर ठेवला, टॉवेल सरळ केला, आणि त्याच्याकडे पाहिलं. 'एक विचारते. रागावू नका. काच चांगली होती ना?'

फ्रिज घरघरत होता. ओरेस्टनं टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. एक टवका उडालेला होता, डारिया असल्यापासून.

'वाईट असती तर मी नाचले असते हो,' ओडेसा म्हणाली. 'देवाशप्पथ. त्याच्या पुढ्यात आपटली असती आणि म्हटलं असतं, बघ मूर्खा, डोळा नाही, काच! आणि अस्सा दंडाला धरून आजच्या आज नेला असता. म्हणून विचारते.'

तिनं आरसा उचलून पालथा केला. पाठीवर गोल होता, तिच्या अंगठ्याच्या नखाशेजारी, बारीक, नीट मिटलेला, कुठे चिरफळी नाही. एक शब्द. तोंडातल्या तोंडात तो शब्द ओरेस्टला जिभेनं लागत होता, दाताला अडकलेल्या कणासारखा. परत. एवढाच. हा शब्द त्यानं जन्मभर लोकांच्या कष्टांवर इतक्या सहज टाकला होता. बाहेर रस्त्यावरून बस गेली, खिडकीची तावदानं थरथरली, आणि त्याला आईनं बर्फात पाडलेलं भोक मिटत येताना दिसलं, कडेकडून, आत.

'चांगली होती,' तो म्हणाला.

'तुम्ही म्हणता म्हणजे असणारच,' ओडेसा म्हणाली, आणि टॉवेल घडी करून घेऊन गेली.

ती गेल्यावर ओरेस्ट आरसा घेऊन खाली उतरला. कॅमेरा त्यानं मार्चमध्येच सरळ केला होता, लांब तार आणून. पट्ट्या खाली वाकलेल्या, खड्डा जिथल्या तिथे. त्यानं अंगठा लावला नाही. मुलामा खराब होईल याची आता पर्वा नव्हती; त्यानं सबंध तळहात काचेच्या मध्यावर ठेवला आणि ठेवूनच राहिला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, हात बधिर होईपर्यंत. मग काढला. पट्ट्या सरळ होत्या. तळहाताच्या उबेची टेकडी खड्ड्यात बरोबर बसली होती, आणि आरसा निर्दोष होता. इतक्या सरळ पट्ट्या त्यानं त्या तळघरात कधी पाहिल्या नव्हत्या. तो श्वास धरून बघत राहिला. मग मधली पट्टी हळूहळू खचायला लागली.

तेव्हा या हिशेबात कोणी काय भरलं ते पुरं करून टाकू. व्हर्जिलचा डावा डोळा पुढच्या ईस्टरच्या आत गेला. माणसांचे आता कानच उरलेत. ओडेसा त्याला हाताला धरून चर्चच्या पायऱ्या चढवते. मंडळाचं काही गेलं नाही, हवेवर ढकललेला दोष हवेतच राहिला. ओरेस्टचा गोलही शाबूत आहे. आजही कुणी काच पालथी करून तो पाहतं आणि पुढे काही विचारत नाही. राहता राहिले गुरुवार. ते ओरेस्टनं गमावले, असं म्हणावंसं वाटतं. पण ते त्याचे कधी नव्हतेच. सुजलेल्या पेरांनी, एकेक करून, ते व्हर्जिलनं आणून दिले होते. तेव्हा तोही खर्च व्हर्जिलच्याच नावावर.